छापण्याआधीचा वाचक

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मी सणसरचा राहणारा. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं, की काटेवाडी मागे पडते आणि मग भवानीनगरचा साखर कारखाना आणि आमचं गाव शेजारी शेजारी लागतात. आषाढात तुकोबांची पालखी एक रात्र आमच्याकडे मुक्कामाला असते, तेवढ्यापुरतं गावाचं नाव वर्तमानपत्रात येतं. उन्हाळ्यात पाण्यावरून वाद पेटला की ‘सणसर कट’ असे दोन शब्द बातमीत दिसतात. एरवी ऊस, कालवा आणि कारखान्याचा भोंगा. अशा गावात बसून मी गेली पंचवीस-तीस वर्षं मंगळावर राहायला गेलेल्या, काळात मागं-पुढं हिंडणाऱ्या, यंत्रमानवांशी लग्न लावणाऱ्या माणसांच्या गोष्टी वाचतो आहे. त्याही छापून यायच्या आधी.

आमच्या पोस्टमनला पहिली काही वर्षं वाटायचं, की मला बाहेरगावचे परीक्षेचे पेपर तपासायला येतात. त्याचं फार चुकत होतं असं नाही. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो, आणि हातात लाल पेन घेतल्याशिवाय कागद वाचायची मला सवय नव्हती. ही सवय पुढं मला महागात पडली. ते नंतर सांगतो.

आधी हे काम काय असतं ते सांगायला हवं, कारण बाहेर ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. पुस्तक छापून झालं, की प्रकाशक वर्तमानपत्राकडे दोन प्रती अभिप्रायार्थ पाठवतात. मग रविवारच्या पुरवणीत कधीतरी परीक्षण येतं, नाहीतर ‘साभार पोच’मध्ये नुसतं नाव. इंग्रजी पुस्तकांच्या जगात याहून वेगळी रीत आहे. तिथं प्रकाशनाच्या काही महिने आधीच कच्च्या मुद्रितांच्या प्रती बांधतात आणि परीक्षकांना पाठवतात. ही शेवटची प्रत नाही, यातलं वाक्य कुठं द्यायचं तर आधी छापील पुस्तकाशी ताडून पाहा, अशी सूचना त्यावर असते. पुस्तक दुकानात लागतं त्याच आठवड्यात त्याचं परीक्षण कसं येतं, याचं उत्तर यात आहे. आपल्याकडे तशी सरसकट पद्धत नाही. आपल्याकडे त्याच्याही आधीच्या पायरीवर एक माणूस बसलेला असतो. लेखकाचं बाड प्रकाशकाकडे येतं, प्रकाशकाला विषयाची खात्री नसते, म्हणून तो ते एखाद्या जाणकाराकडे धाडतो आणि विचारतो, की हे छापावं का? विज्ञानकथा असेल तर हा प्रश्न हमखास येतो. कारण कथा चांगली की वाईट ते प्रकाशकाला कळतं, पण त्यातलं विज्ञान खरं की थापा, हे सांगायला कुणीतरी लागतं. पुण्याच्या एका प्रकाशकांनी असं एक बाड माझ्याकडे पाठवलं, मी चार पानं भरून चुका काढल्या, ते त्यांना आवडलं, आणि मी या कामाला लागलो.

मानधन विचारू नका. बारामतीला जाऊन यायचा खर्च आणि वर चहा-भजी, एवढं त्यात भागतं. लेखकाला माझं नाव सांगत नाहीत. मला कधी लेखकाचं नाव कळतं, कधी नाही. दीड-दोन पानांचा अभिप्राय द्यायचा असतो: गोष्ट काय आहे, विज्ञान ठीक आहे का, भाषा कशी, छापावी की परत करावी, आणि छापायची तर काय दुरुस्त करून.

पहिली कसोटी मी फार लवकर शिकलो. गोष्टीतलं विज्ञान काढून घेतलं तर काय उरतं ते बघायचं. छपराची मेढ काढली की छप्पर बसतं. तसं विज्ञान काढल्यावर गोष्ट खाली बसली पाहिजे. पुष्कळ बाडांत ती बसत नाही, आरामात उभी राहते. नायक-नायिका चंद्रावर फिरायला जातात, पण तिथं जाऊन भांडतात ते सदाशिव पेठेतल्यासारखं आणि सासूवरून. चंद्राच्या जागी महाबळेश्वर घातलं तरी एक ओळ बदलायला नको. ही विज्ञानकथा नव्हे, हे सहलीचं वर्णन.

दुसरा दोष म्हणजे प्राध्यापक. एक वयस्कर शास्त्रज्ञ असतो, त्याचा एक चुणचुणीत पुतण्या असतो, आणि पुतण्यानं ‘काका, कृष्णविवर म्हणजे काय हो?’ असं विचारलं, की काका सहा पानं बोलतात. तोवर गोष्ट बाहेर ओट्यावर बसून वाट पाहते. मी स्वतः मास्तर असल्यामुळं असल्या पानांवर मला सुरुवातीला खूण करवतच नसे. वाटायचं, चांगलं समजावून सांगतोय की!

आणि तिसरी गोष्ट अर्थातच चुका. निर्वात अवकाशात स्फोटाचा कानठळ्या बसवणारा आवाज, चंद्रावर फडफडणारं निशाण, आणि ‘प्रकाशवर्ष’ हे काळाचं माप समजून ‘तो तीन प्रकाशवर्षं तिची वाट पाहत राहिला’ असली वाक्यं. या चुका पकडणं सोपं आहे. दहावीचा हुशार मुलगासुद्धा त्या पकडील. अवघड आहे ते चूक पकडल्यावर तिचं काय करायचं हे ठरवणं. याचं एक उदाहरण मला अजून सुखावतं.

एका बाडात एक गोष्ट होती. नातू मंगळावरच्या वस्तीत नोकरीला, आजी इकडं गावात. रोज रात्री दोघं फोनवर बोलतात. संवाद चुरचुरीत होते, आजी फटकळ होती, वाचायला मजा येत होती. पण मंगळ आपल्यापासून कधी साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो, तर कधी चाळीस कोटी. प्रकाशाला आणि म्हणून रेडिओ लहरींनाही हे अंतर कापायला एका बाजूनं सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात. आजीनं ‘जेवलास का?’ म्हटलं, तर ‘हो’ यायला कमीत कमी सहा मिनिटं, आणि जास्तीत जास्त पाऊण तास. म्हणजे असा संवाद होऊच शकत नाही. माझ्या अभिप्रायात मी लिहिलं, की कथा परत करू नका, लेखकाला एवढी एक गोष्ट कळवा. चार महिन्यांनी बाड पुन्हा आलं. लेखकानं संवाद सगळे मोडून काढले होते. आता आजी एकटीच बोलत होती. फोन समोर ठेवून ती भाकरी थापता थापता दिवसभराचं सांगते, मध्येच रागावते, उत्तराची वाट न पाहता स्वतःच त्याची बाजू घेते. तिचं बोलणं संपून ती झोपायच्या तयारीला लागते, तेव्हा त्याचं पहिलं वाक्य येऊन पोचतं. आणि शेवटी एका रात्री त्याचं बोलणं येत राहतं, येत राहतं, आणि ऐकायला इकडं कोणी नसतं. तिकडं त्याला हे कळायला अजून वीस मिनिटं आहेत.

आधीची गोष्ट गमतीची होती. ही गोष्ट वाचून मी बराच वेळ अंगणात जाऊन उभा राहिलो. त्या वीस मिनिटांनी ती घडवली होती, आणि ती वीस मिनिटं निसर्गानंच घालून दिलेली आहेत. त्या दिवशी मला वाटलं, की आपलं काम लाल रेघा ओढण्यापेक्षा थोडं मोठं आहे.

मोठमोठ्या लेखकांच्याही चुका छापण्याआधीच्या वाचकांच्या नजरेतून निसटतात, हे सांगितलं पाहिजे. लॅरी निव्हन या अमेरिकन लेखकाची ‘रिंगवर्ल्ड’ ही कादंबरी १९७० साली आली. पहिल्याच प्रकरणात नायक आपला वाढदिवस लांबावा म्हणून मध्यरात्रीच्या पुढं पुढं पळत पृथ्वीला फेरी घालतो. त्यासाठी त्यानं पश्चिमेकडं जायला हवं. पहिल्या आवृत्तीत तो निघाला पूर्वेकडं! लेखक, संपादक, मुद्रितं तपासणारे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पृथ्वी उलटी फिरली. पुढच्या आवृत्तीत ती सुलटी केली, आणि चुकीची आवृत्ती संग्राहकांच्या दृष्टीनं मोलाची ठरली. गंमत एवढ्यावर संपली नाही. या कादंबरीत एका ताऱ्याभोवती बांधलेलं अवाढव्य कडं आहे, त्याच्या आतल्या बाजूला वस्ती आहे. असं अखंड कडं ताऱ्याभोवती स्थिर राहू शकत नाही, जरासा धक्का लागला तरी ते एका बाजूनं ताऱ्याकडं सरकत जाईल. १९७१ च्या विज्ञानकथा संमेलनात काही विद्यार्थी हेच घोषणेसारखं ओरडत फिरले. निव्हननं मग दुसरी कादंबरी लिहिली आणि त्यात कडं जागेवर ठेवणारी इंजिनं बसवली. वाचकांच्या एका हरकतीतून नवी कादंबरी निघाली.

याच्या उलट बाजूचं उदाहरण अँडी वीअर यांच्या ‘द मार्शियन’चं. त्यावरचा सिनेमा २०१५ साली आला, तो पुष्कळांनी पाहिला असेल. वीअर यांनी ही कादंबरी मोठ्या प्रकाशकाकडं जाण्याच्या कितीतरी आधी एकेक प्रकरण करून स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवली होती. वाचकांत रसायनशास्त्र वगैरे जाणणारी मंडळी होती. त्यांनी चुका दाखवल्या, लेखकानं त्या दुरुस्त केल्या. म्हणजे छापण्याआधीचा वाचक एक नव्हता, गावच होतं. तरीही कादंबरीच्या सुरुवातीचं ते वादळ, ज्यात नायक मंगळावर एकटा मागं राहतो, ते चुकीचंच आहे. मंगळावरच्या हवेचा दाब आपल्या हवेच्या एक टक्क्याहूनही कमी. तिथलं वादळ रॉकेट पाडू शकत नाही. वीअर यांना हे ठाऊक होतं. गोष्ट सुरू व्हायला त्यांना वादळ हवं होतं, म्हणून त्यांनी ते ठेवलं. मला हे पटतं. चूक करायची तर डोळे उघडे ठेवून करावी. अजाणता झालेली चूक आणि जाणून घेतलेली सवलत यांतला फरक चार पानं वाचली की कळतो.

आता मराठीकडं येतो. आपल्याकडं विज्ञानकथेचं पाऊल जुनं आहे. ज्यूल व्हर्नच्या चांद्रसफरीचं भाषांतर ‘केरळकोकिळ’ मासिकात १९०० सालीच येऊ लागलं होतं. भा. रा. भागवतांनी व्हर्न आणि वेल्स मुलांच्या हाती दिले. पण छापण्याआधीच्या वाचनाची मराठीतली सगळ्यांत सुंदर गोष्ट आहे ती १९७४ सालची. मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. डॉ. जयंत नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होते. त्यांनी एक कथा लिहिली, ‘कृष्णविवर’. ती स्वतःच्या नावानं पाठवली असती, तर परीक्षकांनी आधी नावच वाचलं असतं. म्हणून त्यांनी आपल्या नावातली आद्याक्षरं उलटी केली, ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी, ज्या स्वतः गणिती होत्या. कथेला पहिलं पारितोषिक मिळालं. मग १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा संग्रह आला आणि मराठीत विज्ञानकथेला प्रतिष्ठेचं पान मिळालं. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडं आलं. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्या दिवशी मी कपाटातून तो संग्रह काढला आणि मनात आलं ते हेच: ज्या कुणी परीक्षकानं तो जगतापांचा कागद पहिल्यांदा हातात घेतला असेल, त्याला पुढं हे नाव कुणाचं ते कळलं असेल, तेव्हा केवढं समाधान झालं असेल! नाव नसताना त्यानं बरोबर वाचलं होतं.

मी चुकीचं वाचलं. त्याची हकिगत अशी.

२००३ चं साल. दुष्काळ होता. जनावरं घेऊन लोक छावण्यांत गेले होते. एका दिवाळी अंकानं विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. तो अंक आता निघत नाही. प्राथमिक फेरीचं वाचन माझ्याकडं आलं. चाळीसेक कथा, सगळ्यांवरची नावं काढून फक्त क्रमांक टाकलेले. त्यांत एक हाती लिहिलेली कथा होती, वहीच्या रेघांच्या कागदावर, पाठपोट. क्रमांक तेवीस. शीर्षक नव्हतं.

पुढच्या कुठल्या तरी काळात कालव्यावरचा कारभार यंत्राकडं गेलेला आहे. कोणत्या शेताला किती तहान आहे ते यंत्राला कळतं. त्याप्रमाणं चाऱ्यांचे दरवाजे आपोआप उघडतात, आपोआप बंद होतात. पाटकरी नाही, वशिला नाही, रात्री-बेरात्री दारं धरायला जाणं नाही. सगळे खूश आहेत. मग एका उन्हाळ्यात यंत्र हिशेब करतं, की शेवटच्या गावापर्यंत पाणी नेताना वाटेत मुरतंच फार, तेव्हा त्या चारीला पाणी सोडणं परवडत नाही. हिशेब अगदी बिनचूक असतो. चारी बंद होते. टेलच्या त्या गावात एका म्हातारीची वीस गुंठे जमीन आहे. ती रोज रात्री पिण्याच्या पाण्यातला एक तांब्या घेऊन कोरड्या चारीवर जाते आणि यंत्राच्या मोजपट्टीपाशी ओतते. कशाला, म्हणून कुणी विचारलं तर म्हणते, ‘वाट विसरंल त्ये.’ गावकरी हसतात. चाळिसाव्या रात्री दरवाजा बोटभर उचलला जातो. तिथं गोष्ट संपते.

मी लाल पेन घेऊन बसलो होतो. सतरा हरकती काढल्या. कालव्याचं पाणी क्युसेकमध्ये मोजतात, एका तांब्याची नोंद होणार नाही. उन्हाळ्यात ते पाणी मोजपट्टीपर्यंत पोचण्याआधी वाळून जाईल. यंत्राची रचना स्पष्ट केलेली नाही. चौथी हरकत मला अक्षरशः आठवते: विजेची सोय दाखवलेली नाही, विजेशिवाय दरवाजा आपोआप उचलला कसा जाईल? खाली लिहिलं, ‘वैज्ञानिक पाया कच्चा. विचारात घेऊ नये.’

मी कथा वाचत असलो की आमच्या घरी एक रिवाज आहे. पत्नी धान्य निवडत असते, मी तिला गोष्ट सांगतो. मध्ये कारखान्याची, शेजारपाजारची बोलणी होतात. तिनं आपण होऊन ‘पुढं काय झालं?’ विचारलं, की मी समजतो, कथेत काहीतरी आहे. तेवीस नंबरची गोष्टही मी तिला अर्धी सांगितली होती. मग पाहुणे आले आणि ती राहून गेली. आठवड्यानं ती म्हणाली, “अहो, त्या म्हातारीचं काय झालं? आलं का पाणी?”

मी म्हटलं, “ती नापास केली.”

“म्हातारी?”

“गोष्ट.”

ती काही बोलली नाही. परात घेऊन आत गेली.

मला तेव्हाही काही वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. वाटलं ते पुष्कळ उशिरा आणि निमित्तही असं, की हसावं की रडावं कळू नये. १५ सप्टेंबरला अभियंता दिनाला शाळेत मी दर वर्षी विश्वेश्वरय्यांवर भाषण करायचो. त्यांनी खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली स्वयंचलित दरवाजे बसवले, हे वाक्य त्या भाषणात असायचंच. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दरवाजे पाण्याच्याच जोरावर, तरंगते आणि तोल सांभाळणाऱ्या वजनांच्या मदतीनं उचलले जात. वीज नाही, माणूस नाही. असंच एक भाषण करताना हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मी मध्येच थांबलो. पोरांना वाटलं, सर विसरले. मला माझी चौथी हरकत आठवली होती. शंभर वर्षांपूर्वी माझ्याच जिल्ह्यात घडलेली गोष्ट मी अशक्य म्हणून खोडली होती. आणि त्याच खडकवासल्याचं पाणी इंदापूरच्या बाजूला ज्या वाटेनं आणलं जातं, तिला नाव माझ्या गावाचं आहे.

बरं, दरवाजाचं राहू द्या. तो दुरुस्त करता आला असता. एक तांब्याच्या जागी दुसरं काही सुचवता आलं असतं, जसं त्या मंगळावरच्या नातवाच्या गोष्टीत सुचवलं. माझ्या हातून निसटलं ते याहून मोठं होतं. बिनचूक हिशेब करणारं यंत्र शेवटच्या माणसाला हिशेबाबाहेर टाकतं तेव्हा काय करायचं, असा प्रश्न त्या कथेत होता. आज बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग झाले आहेत, जमिनीतला ओलावा मोजून पाणी कधी आणि किती द्यायचं ते मोबाइलवर कळतं. चांगली गोष्ट आहे, पाणी वाचतं. पण पाण्याचा हिशेब शेताच्या बांधाबाहेर, कालव्यावर गेला की तेवीस नंबरचा प्रश्न येणारच. तो वीस वर्षांपूर्वी रेघांच्या कागदावर लिहून कुणीतरी माझ्या टेबलावर ठेवला होता.

परदेशात अशीच एक हकिगत घडलेली आहे, म्हणजे मी एकटा नाही एवढंच. ज्यूल व्हर्ननं तरुणपणी विसाव्या शतकातल्या पॅरिसवर कादंबरी लिहिली होती. तीत १९६० सालचं पॅरिस होतं, इंजिनावर पळणाऱ्या गाड्या होत्या, चित्र तारेनं दूर पाठवणारी यंत्रं होती. त्याचा प्रकाशक हेत्झेल यानं १८६३ च्या सुमारास ती नाकारली. यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असा त्याचा एक आक्षेप होता. बाड पडून राहिलं. १९८९ साली व्हर्नच्या पणतूला ते एका जुन्या तिजोरीत मिळालं आणि १९९४ साली छापलं गेलं. हेत्झेलला घाईनं मूर्ख ठरवू नये. व्हर्नला व्हर्न करणारा तोच. शिवाय कथानक म्हणून ती कादंबरी फिकीच आहे, असं पुष्कळांचं मत आहे. पण निदान त्याच्याकडं तिजोरी तरी होती. आमच्या स्पर्धेचा नियम होता: साहित्य परत मिळणार नाही, पत्रव्यवहार केला जाणार नाही. अंक निघाला आणि चाळीस कथा रद्दीत गेल्या. नावांची यादी संपादकांकडं होती. मी काही वर्षांनी चौकशी केली, तोवर अंकही बंद झाला होता आणि यादीही गेली होती.

नाव झाकल्यामुळं नारळीकरांना खरा न्याय मिळाला. नाव झाकल्यामुळंच मला आता तेवीस नंबरचा माणूस सापडत नाही. एवढं मात्र सांगू शकतो, की लिहिणारा किंवा लिहिणारी आमच्याच बाजूची होती. ‘चारी’, ‘पाळी’, ‘टेल’, ‘दारं धरणं’ हे शब्द पुण्या-मुंबईचा माणूस इतक्या सहज वापरणार नाही. नीरा डाव्या कालव्याच्या काठची भाषा होती ती. कदाचित दहा मैलांच्या आतली. माझ्या वर्गात बसून गेलेलं कुणी असेल, असाही विचार मनात येतो, आणि मग तो मी पुढं जाऊ देत नाही.

पालखी मुक्कामाला असते त्या रात्री हे हटकून आठवतं. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, त्याही एका जाणत्या माणसाच्या सांगण्यावरूनच. त्या तेराव्या दिवशी वर आल्या, अशी आपली श्रद्धा आहे.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. पहिलं वाचन पेनाशिवाय. पेन मुद्दाम आतल्या खोलीत ठेवतो. गोष्ट पूर्ण वाचून झाल्यावर एक रात्र जाऊ द्यायची, मग दुसरं वाचन, तेव्हा हरकती. प्रत्येक हरकतीपुढं ‘याऐवजी काय करता येईल’ हे लिहायचं, आणि मला काही सुचलं नाही तर तसंही लिहायचं. कामाला दुप्पट वेळ लागतो. प्रकाशक कुरकुरतात. अलीकडं नवीच अडचण आली आहे. दोन-तीन वर्षांत काही बाडं अशी येतात, की शुद्धलेखन चोख, विज्ञानाची एक चूक नाही, वाक्यं गुळगुळीत, आणि पाय कुठंच मातीला टेकलेला नाही. ती माणसानं लिहिली की यंत्रानं, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. अशा वेळी मी एकच शोधतो. एखादा तरी शब्द असा आहे का, जो कुणीतरी चिखलात उभं राहून शिकला असावा? तो सापडला की मी बाड दुसऱ्यांदा वाचायला घेतो.

आकाशवाणी आमच्या भागात अजून शेतात ऐकली जाते. रात्रीची पाळी असली की बांधावर मोबाइलवर का होईना, रेडिओ लागतो. म्हणून जाता जाता एक विनंती. ती म्हातारीची गोष्ट ज्यांनी लिहिली, ते ऐकत असतील तर त्यांनी ती पुन्हा लिहून पाठवावी. आठवेल तशी. दरवाजा कसा उचलला गेला ते सांगितलं नाही तरी चालेल. पत्ता सणसर, तालुका इंदापूर, एवढा पुरे, पोस्टमन मला ओळखतो. या वेळी कागदावर नाव मात्र घाला. आमच्या घरी अजून विचारणं होतं, पाणी आलं का म्हणून.